सुरक्षेच्या भीतीने क्रिकेट संघ माघार घेतात तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्ल्ड कप किंवा चॅम्पियन्स ट्रॉफी जवळ आली की तेच प्रश्न पुन्हा येतात. कोण येणार नाही, का येणार नाही, गुणांचं काय होणार, आणि एकाला सवलत मिळते तर दुसऱ्याला का नाही? बहुतेक प्रश्नांची उत्तरं गेल्या तीस वर्षांच्या प्रसंगांत सापडतात, म्हणून इथे नियमांइतकाच भर त्या प्रसंगांवर दिला आहे.

१. ‘माघार घेतली’ म्हणजे नेमकं काय? एक सामना सोडणं आणि अख्खी स्पर्धा सोडणं एकच का?

नाही. पहिल्या प्रकारात संघ स्पर्धेत असतो, पण एका विशिष्ट शहरात किंवा देशात खेळायला जात नाही. तो सामना सोडला असं धरलं जातं आणि गुण समोरच्या संघाला मिळतात. १९९६ आणि २००३ च्या वर्ल्ड कपमध्ये हेच झालं (प्रश्न ३ आणि ५). दुसऱ्या प्रकारात संघ स्पर्धेला येतच नाही आणि त्याची जागा दुसऱ्याला दिली जाते (प्रश्न १२). तिसरा प्रकार अलीकडचा आहे. संघ स्पर्धाही सोडत नाही आणि सामनाही सोडत नाही, त्याचे सामनेच दुसऱ्या देशात हलवले जातात. यालाच ‘हायब्रिड मॉडेल’ म्हणतात (प्रश्न १३).

२. दौरा रद्द होतो तेही यातच धरायचं का?

कारण तेच असतं, पण हिशोब वेगळा. दौरा दोन मंडळांमधला करार असतो. तो मोडला तर नुकसानभरपाईचा वाद होतो, पण तिसऱ्या संघाला त्याचा फटका बसत नाही. स्पर्धेत एकाने सोडलेला सामना तिसऱ्याच संघाला बाहेर काढू शकतो. तिरंगी मालिका या दोन्हींच्या मधली. ऑगस्ट २००६ मध्ये कोलंबोत स्फोट झाल्यावर दक्षिण आफ्रिकेचा संघ तिरंगी मालिका सोडून घरी गेला. भारतीय संघ थांबला. श्रीलंकेबरोबर फक्त दोघांची मालिका खेळायचं ठरलं, पण ती पावसात वाहून गेली.

३. वर्ल्ड कपमध्ये हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर कधी घडलं?

१९९६ मध्ये. भारत, पाकिस्तान आणि श्रीलंका हे तिघं यजमान होते. ३१ जानेवारीला, म्हणजे स्पर्धा दोन आठवड्यांवर आलेली असताना, कोलंबोतल्या सेंट्रल बँकेवर तमिळ टायगर्सनी स्फोटकांनी भरलेला ट्रक घातला. ९० च्या आसपास माणसं मेली, हजाराहून जास्त जखमी झाली. ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडीज यांनी कोलंबोत खेळायला नकार दिला. ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत आधीची कटुताही होती. नुकत्याच झालेल्या दौऱ्यात मेलबर्नला श्रीलंकेच्या मुरलीधरनची गोलंदाजी नियमबाह्य ठरवून त्याला नो-बॉल दिले गेले होते आणि ऑस्ट्रेलियन खेळाडूंना धमक्या येत होत्या.

श्रीलंकेने राष्ट्रप्रमुखांना देतात तशी सुरक्षा देऊ केली. उपयोग झाला नाही. मग १३ फेब्रुवारीला भारत आणि पाकिस्तानचे खेळाडू एकाच संघात उतरून प्रेमदासा स्टेडियमवर श्रीलंकेविरुद्ध खेळले. कर्णधार अझरुद्दीन, त्याच्या हाताखाली वसीम अक्रम, आणि अक्रमच्या चेंडूवर सचिनने झेल घेतला. ‘कोलंबो खेळायला सुरक्षित आहे’ हे सांगायला भारत आणि पाकिस्तान एका ड्रेसिंग रूममध्ये बसले होते. आज हे वाचताना विश्वास बसत नाही, पण हे घडलेलं आहे आणि ते विसरलं जाऊ नये. पुढे झिंबाब्वे कोलंबोत आणि केनिया कँडीत खेळून गेले. त्यांना काहीही झालं नाही.

४. मग ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडीजला काय शिक्षा झाली?

मैदानावर जवळपास काहीच नाही. दोन्ही सामन्यांचे गुण श्रीलंकेला गेले आणि ती गटात पहिली आली. पण त्या वेळी सहा संघांच्या गटातून चार संघ उपांत्यपूर्व फेरीत जायचे, त्यामुळे एक सामना सोडणं परवडत होतं. वेस्ट इंडीजने कोलंबोचे गुण गमावले, वर २९ फेब्रुवारीला पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर केनियाकडून मार खाल्ला. केनियाच्या १६६ धावांचा पाठलाग करताना सगळा संघ ९३ वर आटोपला. तरीही जयपूरला ऑस्ट्रेलियाला हरवून ते पुढे गेले आणि थेट उपांत्य फेरीपर्यंत पोहोचले. ऑस्ट्रेलिया तर अंतिम फेरीत गेला. १७ मार्चला लाहोरला त्यांना श्रीलंकेनेच हरवलं, अरविंद डिसिल्वाच्या नाबाद १०७ धावांच्या जोरावर.

सामना सोडण्याची किंमत स्पर्धेचा आराखडा ठरवतो, हे तेव्हाच दिसलं होतं. सात वर्षांनी ते फार महागात पडलं.

५. २००३ मध्ये इंग्लंड आणि न्यूझीलंडने नेमकं काय केलं?

दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे आणि केनिया यजमान होते. इंग्लंडचा झिंबाब्वेतल्या हरारेतला सामना १३ फेब्रुवारीला होता. मुगाबे राजवटीत खेळावं का, हा वाद इंग्लंडमध्ये आधीपासून पेटलेला होता. त्यात एका अनोळखी संघटनेचं धमकीपत्र आलं. नासर हुसेनचा संघ गेला नाही. तीन दिवस आधी त्याच हरारेत झिंबाब्वेचे अँडी फ्लॉवर आणि हेन्री ओलोंगा दंडावर काळी फीत बांधून खेळले होते, आपल्या देशातल्या लोकशाहीच्या मृत्यूचा शोक म्हणून. माझ्या मते त्या स्पर्धेतलं सगळ्यात मोठं धाडस तेच होतं, आणि पुढे दोघांनीही देश सोडला.

न्यूझीलंडने केनियातल्या नैरोबीला जायचं नाकारलं. नोव्हेंबर २००२ मध्ये मोंबासाजवळच्या हॉटेलवर आत्मघाती हल्ला झाला होता. शिवाय मे २००२ मध्ये कराचीत त्यांच्या स्वतःच्या हॉटेलबाहेर स्फोट होऊन ते दौरा सोडून परतले होते, आणि हा अनुभव ताजा होता. त्यामुळे न्यूझीलंडची भीती समजू शकते. भारत मात्र हरारेत खेळला, ऑस्ट्रेलिया बुलावायोत खेळला आणि श्रीलंका नैरोबीत. तिथे केनियाने श्रीलंकेला हरवलं.

६. केनिया उपांत्य फेरीत गेला तो फुकटच्या गुणांवर, असं म्हणतात. खरं आहे का?

अर्धंच खरं. गणित मांडून पाहू, म्हणजे दोन्ही बाजू दिसतील.

त्या वेळी विजयाला ४ गुण होते. गटातून तीन संघ सुपर सिक्स या पुढच्या फेरीत जायचे, आणि जाताना गुण बरोबर न्यायचे. पुढे आलेल्या संघाविरुद्धच्या विजयाचे ४ आणि मागे राहिलेल्या संघाविरुद्धच्या विजयाचा १. केनियाने श्रीलंकेला हरवल्याचे ४, न्यूझीलंडने सोडलेल्या सामन्याचे ४, आणि बांगलादेश व कॅनडाचे एकेक असे १० गुण नेले. पुढे झिंबाब्वेला हरवून ते १४ झाले. न्यूझीलंड ८ वर अडकला, श्रीलंका ११.५ वर.

आता न्यूझीलंड नैरोबीत खेळून जिंकला असता असं धरा. गटात न्यूझीलंडचे २० आणि केनियाचे १२ झाले असते, आणि वेस्ट इंडीज व दक्षिण आफ्रिकेचे १४-१४ होते. म्हणजे केनिया गटातच बाद, सुपर सिक्समध्येही नाही. एका न खेळलेल्या सामन्याने एवढा फरक पाडला. पण श्रीलंका आणि झिंबाब्वेला केनियाने मैदानावर हरवलं, ते गुण कोणी दान दिले नव्हते. आणि सामना न्यूझीलंड जिंकलाच असता असं तरी कसं धरायचं?

इंग्लंडचं तर सरळच आहे. गटात झिंबाब्वेचे १४ आणि इंग्लंडचे १२. हरारेत खेळून जिंकले असते तर इंग्लंड १६ आणि झिंबाब्वे १०. इंग्लंड गटातच बाद झाला.

७. सामना सोडला तर फक्त गुण जातात, की नेट रनरेट (धावगतीचा हिशोब) हाही बिघडतो?

आयसीसी या जागतिक क्रिकेट संघटनेच्या आताच्या नियमांत दोन्ही. सोडणाऱ्या संघाची सगळी षटकं खेळली गेली असं धरून त्याचा रनरेट काढतात, म्हणजे टी-२० मध्ये २० षटकांत शून्य धावा असा बोजा त्याच्यावर पडतो. समोरच्या संघाच्या रनरेटला हात लागत नाही. लहान गटात हा बोजा पुढच्या सामन्यांत भरून काढणं फार कठीण असतं.

८. एखादं शहर धोकादायक आहे हे ठरवतं कोण?

एकच कोणी नाही, आणि अडचण तिथेच आहे. आयसीसी आपल्या स्पर्धांसाठी स्वतंत्र सुरक्षा सल्लागारांकडून मूल्यमापन करून घेते. पाहुणं मंडळ स्वतःचा माणूस पाठवतं. हॉटेल ते मैदान हा रस्ता, बसचा ताफा, रुग्णालय किती अंतरावर आहे, स्टेडियमची दारं, हे सगळं तो पाहून येतो. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियासाठी हे काम रेग डिकासन यांनी बरीच वर्षं केलं. खेळाडूंच्या संघटनाही आपलं मत देतात. आणि शेवटी त्या त्या देशाचं सरकार. गुप्तचरांची माहिती सरकारकडे असते आणि ती बाहेर येत नाही.

१७ सप्टेंबर २०२१ ला न्यूझीलंडने रावळपिंडीत पहिल्या एकदिवसीय सामन्याच्या दिवशीच दौरा रद्द केला, आपल्या सरकारने दिलेल्या इशाऱ्यावरून. तपशील जाहीर झाला नाही. तीन दिवसांनी इंग्लंडनेही आपला दौरा रद्द केला. धोका खरा असेलही. पण ज्याच्यावर ठपका येतो त्या यजमानाला पुरावाच पाहता येत नसेल तर तो काय सुधारणार? ही माहिती निदान आयसीसीच्या एखाद्या तटस्थ समितीपुढे तरी ठेवली पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. पुढच्या वर्षी हे दोन्ही संघ पाकिस्तानात खेळून गेले.

९. लाहोरचा हल्ला कसा झाला? त्यानंतर सगळे इतके का बदलले?

३ मार्च २००९. दुसऱ्या कसोटीचा तिसरा दिवस. श्रीलंकेची बस गद्दाफी स्टेडियमकडे जाताना लिबर्टी चौकात बंदूकधाऱ्यांनी गाठली. सहा पोलीस आणि दोन नागरिक मारले गेले. त्याच कसोटीत द्विशतक केलेल्या थिलन समरवीराच्या मांडीत गोळी घुसली. जयवर्धने, संगकारा, मेंडिस, परनविताना यांनाही इजा झाली. पंच अहसान रझा गोळी लागून मरणाच्या दारातून परतले. बसचालक मेहर मोहम्मद खलील यांनी गोळीबारातून बस स्टेडियममध्ये नेली, म्हणून संघ वाचला. खेळाडूंना मैदानातूनच हेलिकॉप्टरने हलवलं.

तोपर्यंत ‘क्रिकेटपटूंना कोणी हात लावणार नाही’ असा एक समज होता आणि सगळे अंदाज त्यावर बेतलेले असायचे. तो त्या सकाळी मोडला. आणखी एक गोष्ट आपल्याकडे क्वचित बोलली जाते. श्रीलंकेचा हा दौरा भारताच्या बदली होता. २६/११ नंतर भारताने पाकिस्तान दौरा रद्द केला आणि श्रीलंका पाकिस्तानच्या मदतीला धावली.

परिणाम दीर्घकाळ टिकले. २००८ ची चॅम्पियन्स ट्रॉफी संघांच्या नकारामुळे आधीच पुढे ढकलली गेली होती, ती २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत झाली. २०११ च्या वर्ल्ड कपमधून पाकिस्तानचं यजमानपद गेलं. घरच्या कसोट्या दुबई आणि अबुधाबीत होऊ लागल्या. मिसबाह-उल-हकने ५६ कसोटींत नेतृत्व केलं, पण त्यातली एकही पाकिस्तानात नाही. मे २०१५ मध्ये झिंबाब्वे लाहोरला आला तेव्हा सहा वर्षांनी कसोटी दर्जाचा संघ तिथे खेळला. कसोटी सामना परतायला डिसेंबर २०१९ उजाडलं, आणि तेव्हाही पाहुणी श्रीलंकाच होती.

१०. २६/११ नंतर इंग्लंडचा संघ परत आला होता ना? मग ते कसं जमलं?

हो, आणि मुंबईकरांनी ते लक्षात ठेवावं असं आहे. हल्ला झाला त्या रात्री इंग्लंड कटकला पाचवा एकदिवसीय सामना खेळत होता. उरलेले दोन सामने रद्द झाले आणि संघ मायदेशी गेला. चॅम्पियन्स लीग टी-२० ही स्पर्धाही तेव्हा होऊ शकली नाही. मग केव्हिन पीटरसनचा संघ अबुधाबीत सराव करून डिसेंबरमध्ये परतला. कसोट्या अहमदाबाद आणि मुंबईऐवजी चेन्नई आणि मोहालीत झाल्या. चेन्नईत १५ डिसेंबरला भारताने ३८७ चं लक्ष्य गाठलं. सचिन नाबाद १०३, आणि ते शतक त्याने मुंबईतल्या बळींना अर्पण केलं.

इथे काय झालं ते बघा. भीती नाकारली नाही, वेळ घेतला, जागा बदलली, खेळाडूंशी बोलणं झालं, आणि खेळ झाला. माघार आणि हट्ट यांच्यामध्ये इतकी जागा असते.

११. मंडळ जायला तयार आहे, पण एखाद्या खेळाडूला जायचं नाही. चालतं का?

चालतं, आणि चाललंच पाहिजे. जुलै २०१६ मध्ये ढाक्यातल्या होली आर्टिसन बेकरीवर हल्ला झाला. ऑक्टोबरमध्ये इंग्लंड बांगलादेशात गेला, पण कर्णधार ऑइन मॉर्गन आणि अॅलेक्स हेल्स गेले नाहीत. एकदिवसीय संघ जोस बटलरने सांभाळला. २०१९ मध्ये श्रीलंकेच्या दहा खेळाडूंनी पाकिस्तान दौरा नाकारला, त्यांत मलिंगा, मॅथ्यूज, करुणारत्ने होते. मॉर्गनवर तेव्हा बरीच टीका झाली. मला ती अन्यायाची वाटते. घरच्यांना काय सांगून निघायचं हे त्या माणसालाच ठरवू द्यावं.

१२. संघ अख्ख्या स्पर्धेतूनच बाहेर पडला तर जागा कुणाला मिळते?

पात्रतेच्या किंवा क्रमवारीच्या हिशोबाने पुढे असलेल्या संघाला. जानेवारी २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाने बांगलादेशातल्या १९ वर्षांखालील वर्ल्ड कपमधून माघार घेतली आणि आयर्लंडला बोलावलं गेलं. स्पर्धा सुरळीत पार पडली, मीरपूरच्या अंतिम सामन्यात वेस्ट इंडीजने भारताला हरवलं. ऑस्ट्रेलियाच्या त्या मुलांचा वर्ल्ड कप मात्र गेला, आणि १९ वर्षांखालचा वर्ल्ड कप बहुतेकांना एकदाच मिळतो.

दुसरं उदाहरण २०२६ च्या टी-२० वर्ल्ड कपचं. जानेवारीत बांगलादेशचा गोलंदाज मुस्तफिझुर रहमानला आयपीएलमधल्या कोलकाता नाइट रायडर्सने बीसीसीआयच्या सांगण्यावरून मोकळं केलं. त्यानंतर बांगलादेशने सुरक्षेचं कारण देत आपले कोलकाता आणि मुंबईतले सामने श्रीलंकेत हलवायची मागणी केली. ठोस धोका दिसत नाही, असं म्हणत आयसीसीने ती फेटाळली. बांगलादेश ठाम राहिला आणि त्याच्या जागी स्कॉटलंड आला.

१३. भारताला हायब्रिड मॉडेल मिळालं, बांगलादेशला नाही. हा दुटप्पीपणा नाही का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि तो टाळण्यात अर्थ नाही.

आधी फरक. भारताचा पुरुष संघ पाकिस्तानात शेवटचा २००८ च्या आशिया कपला खेळला. २०२३ च्या आशिया कपमध्ये त्याचे सामने श्रीलंकेत झाले. २०२५ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीसाठी भारताचा नकार स्पर्धेच्या काही महिने आधीच कळला होता. डिसेंबर २०२४ मध्ये ठरलं की २०२७ पर्यंतच्या आयसीसी स्पर्धांत दोघांपैकी कोणीही यजमान असेल तरी दुसऱ्याचे सामने तटस्थ ठिकाणी होतील. म्हणून २०२५ च्या महिला वर्ल्ड कपमध्ये पाकिस्तानचा संघ भारतात न येता कोलंबोत खेळला. म्हणजे ती सवलत दोघांनाही आहे. बांगलादेशची मागणी स्पर्धा काही आठवड्यांवर आली असताना आली आणि तिच्यामागे असा करार नव्हता.

हे सगळं मान्य करूनही सांगतो, खरा फरक पैशाचा आहे. भारत नसेल तर प्रक्षेपणाचा पैसा आटतो, बांगलादेश नसेल तर स्पर्धा चालू राहते. भारत २०२५ ची ट्रॉफी दुबईत सगळे सामने खेळून जिंकला आणि मला त्याचा आनंद झाला. पण उद्या नेपाळने किंवा आयर्लंडने हीच भीती व्यक्त केली तर त्यांनाही तीच मोजपट्टी लागली पाहिजे. आज ती लागत नाही.

१४. महाराष्ट्रातल्या मैदानांमुळे असं कधी झालं आहे का?

झालं आहे, एकदा नाही. १९९१ मध्ये शिवसैनिकांनी वानखेडेची खेळपट्टी उखडली आणि पाकिस्तानचा दौरा रद्द झाला. २०१३ च्या महिला वर्ल्ड कपला मुंबईत विरोध झाल्यावर पाकिस्तानचे सामने कटकला हलवले, आणि त्या मुलींची राहायची सोयही हॉटेलऐवजी बाराबती स्टेडियमच्या आवारातच केली गेली. ऑक्टोबर २०१५ मध्ये बीसीसीआयच्या कार्यालयात आंदोलक घुसले, तेव्हा आयसीसीने पाकिस्तानी पंच अलीम दार यांना भारत-दक्षिण आफ्रिका मालिकेतून परत बोलावलं. २०१६ च्या टी-२० वर्ल्ड कपमध्ये भारत-पाकिस्तान सामना असाच धरमशालेहून कोलकात्याला गेला.

कराची-कोलंबोबद्दल बोलताना आपण हे सोडून देतो. पाहुण्यांच्या यादीत आपलं शहरही धोक्याच्या रकान्यात गेलेलं आहे.

१५. खरी भीती आणि राजकारण यातला फरक ओळखायचा कसा?

खात्रीची खूण नाही, पण तीन गोष्टी पाहाव्यात. एक, त्याच काळात दुसरे संघ तिथे खेळताहेत का. दोन, नकार देणारा संघ पर्याय सुचवतो आहे की नुसता नाही म्हणतो आहे. तीन, सरकारांमधलं भांडण आधी सुरू झालं की धोक्याची बातमी आधी आली. १९८६ मध्ये भारत श्रीलंकेतल्या आशिया कपला गेला नाही, १९९०-९१ मध्ये पाकिस्तान भारतातल्या आशिया कपला आला नाही. दोन्ही वेळा संबंध आधी बिघडले होते. उलट २००२ च्या कराचीत न्यूझीलंडच्या खेळाडूंनी स्फोट स्वतः ऐकला होता. तिथे शंकेला जागाच नाही. हरारे २००३ मध्ये दोन्ही कारणं इतकी मिसळली होती की इंग्लंडलाही ती वेगळी करता आली नाहीत (प्रश्न ५).

१६. २०२७ च्या वर्ल्ड कपमध्ये असं काही झालं तर?

यजमान दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे आणि नामिबिया आहेत. जाहीर झालेल्या आराखड्यात १४ संघ, सात-सात जणांचे दोन गट, प्रत्येक गटातून तीन संघ सुपर सिक्समध्ये आणि गुण पुढे नेण्याची पद्धत, असं २००३ च्या वळणाचंच रूप आहे. त्यामुळे कोणी सामना सोडला तर तो आधी गटात आणि नंतर सुपर सिक्समध्येही नडू शकतो, कारण ज्याला फुकट गुण मिळाले तो संघही पुढे आला तर ते गुण त्याच्याबरोबर जातात. भारत-पाकिस्तान कराराचा इथे संबंध नाही, दोघंही यजमान नाहीत. तिकीट काढणाऱ्यांनी गटाचं वेळापत्रक हाती आल्यावर कोणता सामना कोणत्या देशात आहे ते आधी पाहावं आणि विमान-हॉटेलचं बुकिंग रद्द करता येईल असंच करावं.